फुलवाल्याचं विमान

“लय धरून ठेवू नका साहेब, त्याला उतरायचंच हाय.”

असं म्हणून तो दांड्यावरचा हात काढून घ्यायचा. विमान धावपट्टीपासून पाच-सात फुटांवर, समोरच्या टीव्हीवर जमीन भराभर वर येतेय, आणि हा माणूस दोन्ही हात वर करून आमच्याकडे वळून बघतोय! चाकं अलगद टेकायची. मी मनात म्हणायचो, आपट. अरे, एकदा तरी आपट. सहा वर्षांत तो माझ्यासमोर एकदाही आपटला नाही.

तुमच्याही ओळखीत असा कोणीतरी असणारच. आपण ज्या गोष्टीवर आयुष्य घालवलं, ती गोष्ट ज्याला उगाच, जाता जाता, हसत हसत येते असा. त्याच्याबद्दल चारचौघांत आपण चांगलंच बोलतो. घरी आलो की जेवण गोड लागत नाही.

मी ओझरच्या विमान कारखान्यात एकतीस वर्षं काढली. वैमानिकासमोर उंची, वेग, इंधन दाखवणारी जी घड्याळं असतात, ती तपासून पास करणं हे माझं काम. हजारो वेळा वैमानिकाच्या जागेवर बसलोय, पण विमान जमिनीवर असतानाच. उडताना मात्र दुसरा कोणीतरी बसायचा आणि मी खाली कपाळावर हात धरून बघत राहायचो. म्हणून निवृत्तीच्या आधीच संगणकावर विमान उडवायचा नाद लावून घेतला. भारीतला दांडा मागवला, पायाखालची पट्टी मागवली. माझ्यासारखेच दोन नादिष्ट भेटले. एक इतिहास शिकवून निवृत्त झालेले गुरुजी, दुसरा आमच्या कॉलनीतला मेडिकलवाला. दर रविवारी दुपारी माझ्या घरी बैठक. मी सांगायचो, ते ऐकायचे. बरं चाललं होतं हो.

मग मेडिकलवाल्यानं त्याला आणलं. म्हणाला, “सायखेड्याचे आहेत. गुलाबाची शेती आहे, नाशकात द्वारका चौकात फुलांचं दुकान आहे. यांना पण विमानाचं वेड आहे.” दारात पन्नाशीचा काळासावळा माणूस उभा. शर्टाला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या, बोटांना गुलाबाच्या काट्यांचे ओरखडे. मी मोठ्या मनानं खुर्ची पुढे केली. कारखान्यातला माणूस म्हटल्यावर त्यानं मला साहेब म्हणायला सुरुवात केली, ती शेवटपर्यंत. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू?

चौथ्या रविवारी तो म्हणाला, “आता एकदा माझ्याकडं या की.”

त्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये, गुलाबाच्या खोक्यांच्या मागं, त्यानं अख्खी वैमानिकाची जागा उभी केली होती. इंजिनाचा वेग कमीजास्त करायला फवारणी पंपाचा दांडा. पायाखाली आईच्या शिलाई मशीनचा पायटा. हे सगळं संगणकाला कळावं म्हणून जुन्या रेडिओच्या आवाजाची बटणं उघडून आतले भाग बसवलेले. घड्याळं पुठ्ठ्याची, पण सगळी जागच्या जागी. मी एकतीस वर्षं हीच घड्याळं हाताळलेली. चूक शोधायला वाकून वाकून बघितलं. सापडली नाही. पुढच्या रविवारपासून बैठक सायखेड्याला भरायला लागली, आणि ती तिकडे न्यायची का, हे मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

आमची ही म्हणाली, “चेहरा बघा जरा आरशात. सवत आणल्यासारखा झालाय.”

हा माणूस काही संत नव्हता, बरं का. फुशारकी मारण्यात पहिला नंबर. तो उतरला की आम्ही “वा” म्हणेपर्यंत खुर्ची सोडायचा नाही. दुसऱ्याचं विमान वाकडं टेकलं की खोक्यावर थाप मारून हसायचा. “मेडिकलवाले, पेशंट गेला!” असं ओरडायचा. शेडमध्ये चप्पल घालून पायट्यावर पाय ठेवला तर मात्र भडकायचा.

आणि विमानांवरच्या खुणांबद्दल तर भलताच हट्टी. गुरुजींना दुसऱ्या महायुद्धातली जर्मन विमानं फार प्रिय. त्यांचा वेग, त्यांची वळणं, कोण कुठे पडला, सगळं तोंडपाठ. एकदा त्यांनी तसलं विमान शेडमध्ये लावलं. ह्यानं सरळ वायर काढली.

“अरे, इतिहास आहे हा,” गुरुजी म्हणाले.

“असंल की. घरी उडवा. माझ्या शेडात ते चिन्ह उतरणार नाय.”

“मग इंग्रजांचं चालतं का? त्यांनी काय कमी केलं?”

“त्यांचंबी नाय चालत.”

त्याच्या आजोबांचा भाऊ गोऱ्यांच्या फौजेत भरती झाला होता. ब्रह्मदेशात गेला तो गेलाच. घरी ना कागद आला, ना फोटो. “लढला आमचा आणि झेंडा त्यांचा,” तो म्हणायचा. “नाव तर कुठंच नाय त्याचं. आजी मरस्तवर इचारत होती, कुठं लिवलंय का?” म्हणून कुठलंही विमान घेतलं की आधी त्याचा रंग बदलायचा. हे काम सोपं नसतं. विमानाचं चित्र पंखापासून शेपटीपर्यंत तुकड्यातुकड्यानं रंगवावं लागतं, पंखांवरचं खुणेचं गोल चाक केशरी-पांढरं-हिरवं करावं लागतं, एकेक खिळा सांभाळावा लागतो. दुपारी बाजार आटोपला की दोन-दोन तास त्यात घालवायचा. मी म्हणायचो, “अहो, आत बसल्यावर बाहेरचा रंग दिसतो कुठे?” तो म्हणायचा, “मला ठावं असतंय ना.”

मग त्याला अंतराळाचं खूळ लागलं. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकाला आपलं यान नेऊन जोडायचं. हा खेळ फार अवघड, आणि तुमच्याआमच्या अकलेच्या उलटा. पुढच्या यानाला गाठायचं तर वेग वाढवून चालत नाही. वाढवला की आपण वर जातो आणि मागे पडतो. वेग कमी करायचा, जरा खाली यायचं, आणि खालच्या आखूड वाटेनं पुढे सरकायचं. मी पुस्तकं वाचली, आकडेमोड केली आणि घरी, कोणाला न सांगता, चाळीस वेळा तरी प्रयत्न केला. चाळीसही वेळा यान भलतीकडेच. हा पाचव्या वेळेला जोडून मोकळा! ते यान रशियन होतं म्हणून गुरुजींनी डिवचलं, “आता कुठे गेला तुमचा झेंडा?”

“वर काय हद्द हाय का गुरुजी? खाली बघा ना, एवढीशी दिसती समदी,” असं म्हणून ह्यानं चहा मागवला.

मी त्या दिवशी चहा अर्धा टाकून निघालो. पोटात दुखतंय म्हणालो. दुखत होतंच.

आता कमांडरसाहेबांबद्दल सांगायला हवं. हे हवाई दलातून निवृत्त झालेले, एकाहत्तरच्या युद्धात लढाऊ विमान चालवलेले गृहस्थ. कारखान्यात असताना त्यांची-माझी ओळख. ऐंशी कधीच ओलांडलेली, हात थरथरणारे, नाशकात लेकीकडे राहायचे. त्यांना शेडमध्ये मी घेऊन गेलो. मीच. खरा वैमानिक आणला म्हणजे जरा माझा भाव वधारेल, असा माझा हिशोब होता.

कमांडरसाहेब खोक्यावर बसले आणि त्यांनी फुलवाल्याला उतरताना पाहिलं. पंपाचा दांडा, पायटा, वर केलेले हात, सगळं पाहिलं. मग त्यांनी त्याचा ओरखडलेला हात हातात घेतला आणि म्हणाले, “हे वैमानिकाचे हात आहेत.”

एकतीस वर्षं. मी तपासलेल्या घड्याळांवर विसंबून ही माणसं ढगात शिरली आणि बाहेर आली. कोणी माझा हात असा हातात घेतला नव्हता. मला त्या क्षणी तो फुलवाला सहन होईना.

कमांडरसाहेबांनी मग स्वतःहून सांगितलं. युद्धात ते आणि त्यांचा जोडीदार, दोन विमानं, एका मोहिमेवर गेले होते. परतताना एका नदीच्या वळणावर जोडीदाराच्या विमानाला गोळा लागला. इंधन मोजकं, हुकूम सरळ परत येण्याचा. “मी मागे वळलो नाही,” ते म्हणाले. “वळायचं नव्हतंच. पण त्या वळणावर एकदा फेरी मारायची राहून गेली. हात चालत नाहीत आता. तुम्ही चालवा, मी शेजारी बसून बघेन.”

हे ‘तुम्ही’ माझ्यासाठी नव्हतं.

फुलवाला कधी नव्हे तो गंभीर झाला. “करू कमांडरसाहेब. पर तुमचंच विमान पाहिजे, तुमच्या नंबराचं. जुना फोटो द्या मला. दोन म्हैने लागतील.” दोन महिने तो त्या विमानावर बसला. ते मुळात विलायती बनावटीचं विमान. संगणकावर मिळतं तेही इंग्रजांच्या रंगातलं. ह्यानं कमांडरसाहेबांच्या धूसर फोटोवरून ते आपलं करायला घेतलं.

दसऱ्याला आठवडा असताना कमांडरसाहेबांचा मला फोन आला. त्यांच्याकडे माझाच नंबर होता. आवाज खोल गेलेला. “डॉक्टरांनी बाहेर पडू नका म्हणून सांगितलंय. फुलवाल्यांना म्हणावं, झालं असेल तसं घेऊन घरी या. मला फार थांबता येईलसं वाटत नाही.”

निरोप एवढाच होता. मी काय केलं ते ऐका.

मी म्हणालो, “सर, दसऱ्याचा सीझन आहे, झेंडूच्या गाड्या चालू आहेत. तो काही येणार नाही. मी येतो.”

मी फुलवाल्याला फोन केलाच नाही. माझा संगणक, माझा भारीतला दांडा घेऊन कमांडरसाहेबांकडे गेलो. घड्याळं मी अगदी खरी लावली होती. काटा न् काटा बरोबर. त्यांना शेजारी बसवलं आणि उडालो. ते पुढे झुकले. थरथरणाऱ्या बोटानं पडद्यावर नदी दाखवू लागले. “आता डावीकडे... तो पूल... हां, तेच वळण.” त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं, जमलं. आता माझाही हात कोणीतरी हातात घेईल.

“बाहेरून दाखवा,” ते म्हणाले. “विमान दिसू द्या.”

मी बटण दाबलं. नदीच्या वळणावर विमान कलंडलेलं, पंख चकाकतायत, आणि पंखांवर गोल चाकं लाल, पांढरी, निळी. इंग्रजांची. रंग बदलायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत बसल्यावर दिसतो कुठे, नाही का?

कमांडरसाहेबांनी पडद्यावरचं बोट मागे घेतलं. मग म्हणाले, “बंद करा. या खुणेसाठी नाही गेला तो.”

मी बंद केलं. वायरी गुंडाळून पिशवीत टाकल्या. निघताना ते म्हणाले, “फुलवाल्यांना विचाराल ना, कधी जमेल?”

“विचारतो सर.”

विचारलं नाही. का, तर ते दोघं भेटले की माझी फजिती फुलवाल्याला कळणार, आणि तो खोक्यावर थाप मारून हसणार. एवढंच कारण. एवढ्याशा कारणासाठी मी दसरा घालवला, दिवाळी घालवली. मध्ये फुलवाल्याचा फोन आला, “साहेब, विमान तयार हाय! कमांडरसाहेबांना कळवा. मला लेकरावानी झालंय.” मी म्हणालो, कळवतो. दोनदा त्यानं विचारलं, “आला का निरोप?” दोनदा मी म्हणालो, तब्येत बरी नाही त्यांची, थांबा जरा.

तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला कमांडरसाहेब गेले.

अंत्यदर्शनाला फुलवाला मोठं चक्र घेऊन आला. मधोमध हिरवा पाला, मग पांढरी शेवंती, कडेला झेंडू. कोणाशी न बोलता त्यानं ते पायाशी ठेवलं. कमांडरसाहेबांची लेक पुढे आली. “तुम्हीच ना ते फुलवाले? बाबा रोज विचारायचे हो तुमचं. निरोप दिला होता तुम्हाला, मिळाला नाही का?”

मी तिथेच उभा होतो, त्याच्यापासून हातभर अंतरावर. त्यानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग तिला हात जोडले.

“मिळाला व्हता ताई. दसऱ्याच्या गडबडीत ऱ्हाऊन गेलं. चुकलं माझं.”

ती वळून आत गेली. जे काही वाटलं असेल ते त्याच्याबद्दल वाटलं असेल. मी तोंड उघडलं नाही.

बाहेर टेम्पोपाशी मी त्याला गाठलं. म्हटलं, “अहो, ऐका...”

“का नाय सांगितलं मला?”

मी खरं तेच बोललो. “हेवा वाटला तुमचा.”

मला वाटलं होतं, तो थक्क होईल. “ते ठावं हाय मला,” तो म्हणाला. “सहा वर्सं बघतोय की तुमचं तोंड. मला मजा वाटायची. म्हणून तर हात सोडून दाखवायचो. माझ्यावर जळायचं तर खुशाल जळायचं हो साहेब. त्या म्हाताऱ्यानं तुमचं काय घोडं मारलं व्हतं?”

टेम्पोचं दार त्यानं जोरात लावलं आणि निघून गेला.

मी रविवारी जायचं बंद केलं. मला कोणी येऊ नका म्हणालं नाही. कोणी या असंही म्हणालं नाही. एकदा द्वारकेच्या सिग्नलला त्याचा टेम्पो माझ्या स्कूटरशेजारी येऊन थांबला. खोक्यांतून गुलाबाचा वास येत होता. मी शब्द जुळवत होतो. तो समोर बघत म्हणाला, “हिरवा झाला साहेब, चला,” आणि गेला. आमचं शेवटचं बोलणं ते.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला, भल्या सकाळी फुलं उतरवत असताना त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मला गुरुजींनी कळवलं.

महिन्याभरानं गुरुजींचाच पुन्हा फोन आला. “वहिनींना शेड मोकळी करायची आहे. मशीन कोणाला उघडता येत नाही. तू ये.” मी गेलो. चप्पल बाहेर काढली. दांड्यावर धूळ होती. गुरुजींनी खोक्यावर बसता बसता सांगितलं, “तू यायचा बंद झालास, पण तो दर रविवारी शेवटी कमांडरसाहेबांचंच विमान काढायचा. त्या नदीच्या वळणावर एक पुरी फेरी मारायचा आणि मशीन बंद करायचा. कोणाला बोलू द्यायचा नाही.”

मी ते विमान पडद्यावर आणलं. काय काम होतं हो! एकेक खिळा, एकेक ओरखडा, शेपटीवरचा नंबर, पंखांवर आपलं चक्र. एकतीस वर्षं खरी विमानं पाहिलेल्या माणसाला ते खरं वाटत होतं. आणि सांगतो, तो मेल्यावरसुद्धा, त्याच्याच शेडमध्ये उभा राहून, मला त्याचा हेवा वाटला.

वैमानिकाच्या जागेखाली कमांडरसाहेबांचं नाव रंगवलेलं होतं. त्याच्या खाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी होतं.

“ते तुझंच आहे,” गुरुजी म्हणाले. “तुला माहीत नव्हतं? कुठल्याशा जुन्या फोटोत त्यानं पाहिलं होतं, वैमानिकाच्या खाली जमिनीवरच्या माणसाचं नाव असतं. ज्याच्या भरवशावर तो उडतो, त्याचं.”

मी चित्र मोठं केलं. माझं नाव होतं, आडनावासकट. फाइलवर दसऱ्याच्या आधीची तारीख होती. मी कमांडरसाहेबांना ‘तो काही येणार नाही’ म्हणालो, त्याच आठवड्यातली. तेव्हा त्याला काही माहीत नव्हतं, हे समजू शकतो.

पण नंतर माहीत झालं होतं. असलं नाव पुसायला त्याला एक मिनिट लागलं असतं. तो सात महिने, दर रविवारी, ते विमान तसंच उडवत राहिला.